वाचकांचे प्रश्न : थेरपी सहायकाचे काम आणि त्याच्या मर्यादा

विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत उपचार केंद्रांत, शाळांत आणि घरोघरी थेरपी सहायक म्हणून काम करणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली आहेत, आणि त्यांतील बहुतेक मराठवाड्यातून आलेली आहेत. त्याचे कारण उघड आहे. व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आणि वाचा-उपचार (स्पीच थेरपी) यांचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असल्यामुळे तालुक्याच्या गावी मुलाला रोज हात लागतो तो सहायकाचाच. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण आहे आणि परभणीतील एका खासगी केंद्रात थेरपी सहायक म्हणून काम करते. तज्ज्ञ मॅडम छत्रपती संभाजीनगरहून पंधरा दिवसांतून एकदा येतात. उरलेले दिवस मुलांची सत्रे मीच घेते. पालक मला डॉक्टर म्हणतात आणि मूल कधी चालेल, कधी बोलेल असे विचारतात. केंद्रचालक सांगतात की, ‘सगळे ठीक होईल असे सांगा, नाहीतर लोक येणार नाहीत.’ माझ्या कामाला कायद्याने मान्यता आहे का आणि मी पुढे काय शिकावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकत्र आले आहेत, त्यांपैकी कायद्याचा प्रश्न आधी घेतो. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 चा आहे. वाचा-उपचार, विशेष शिक्षण, चिकित्सा मानसशास्त्र असे जे व्यवसाय या परिषदेच्या कक्षेत येतात, ते नोंदणीशिवाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची नोंदणी आपल्या राज्यात वेगळ्या परिषदेकडे होते. सहायकाने नोंदणीकृत तज्ज्ञाने आखलेला कार्यक्रम त्याच्या देखरेखीखाली राबवणे आणि सहायकाने स्वतः तपासणी करून निदान सांगणे, नवा व्यायाम सुरू करणे किंवा चालू व्यायाम वाढवणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. आपण पहिल्या बाजूला उभ्या राहिल्या पाहिजेत. तज्ज्ञ पंधरा दिवसांतून एकदा येत असतील, तर प्रत्येक मुलाचा लेखी कार्यक्रम त्यांच्या सहीनिशी आपल्या हाती असलाच पाहिजे. त्यात काय करायचे, किती वेळ करायचे, कोणते चिन्ह दिसले की थांबायचे आणि कोणती गोष्ट मुळीच करायची नाही, हे लिहिलेले असावे. असा कागद नसेल तर तो मागा. केंद्रचालक नाराज होतील, पण मुलाला इजा झाली तर ‘मला तोंडी सांगितले होते’ हे उत्तर कोणीही ऐकून घेणार नाही.

पालकांनी डॉक्टर म्हटले की प्रत्येक वेळी शांतपणे दुरुस्त करावे. ‘मी सहायक आहे, मॅडमनी सांगितलेले करून घेते,’ एवढे पुरे. मूल कधी चालेल या प्रश्नाला सहायकाने तारीख देऊ नये आणि खोटी आशाही लावू नये. त्याऐवजी आपण प्रत्यक्ष पाहिलेले सांगावे : मागच्या महिन्यात त्याला बसवताना दोन्ही बाजूंनी धरावे लागत होते, आता तो एका हाताचा टेकू घेऊन थोडा वेळ बसतो. पालकांना यातून आश्वासनापेक्षा जास्त मिळते, आणि पुढच्या भेटीत तज्ज्ञांनाही हेच वाक्य उपयोगी पडते. माझ्या मते सहायकाच्या कामाचे खरे मोल येथे आहे. तज्ज्ञ मुलाला अर्धा तास पाहतात, तर आपण त्याला भुकेले असताना, कंटाळलेले असताना, आई जवळ असताना आणि नसताना पाहता. ते पाहिलेले नीट लिहून ठेवणारा सहायक मिळाला, तर पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाचेही काम पुष्कळ सुधारते.

शिक्षणाबद्दल. विज्ञान शाखेची बारावी झाली असल्याने श्रवण, भाषा आणि वाचा या विषयांतील एक वर्षाची पदविका आपल्याला घेता येईल. ती वाचा-उपचारात सहायक म्हणून काम करण्यासाठीच आखलेली आहे. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील प्रमुख संस्था आहे. मुलांना शिकवण्याकडे ओढा असेल तर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका पाहावी. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे, आणि देवगिरी एक्स्प्रेस परभणीवरूनच तिकडे जात असल्याने आपल्याला मुंबईपेक्षा ती जवळची. कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेला त्या वर्षासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता आहे की नाही, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्यावे. चार दिवसांच्या कार्यशाळेचे चकचकीत प्रमाणपत्र म्हणजे मान्यता नव्हे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका संस्थेतर्फे घरी जाऊन मुलांची थेरपी करते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेला एक पाच वर्षांचा मुलगा आहे. त्याचे पाय ताठ आहेत आणि उभे धरले की कात्रीसारखे एकमेकांवर येतात. उन्हाळ्यात व पावसाळ्यात त्याच्यात चांगली प्रगती होते, पण दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात आणि त्यालाही घेऊन जातात. परत येतो तेव्हा पाय पुन्हा आखडलेले असतात. त्याला आजीकडे ठेवा असे मी सांगितले, पण आई तयार नाही. काय करावे?

उत्तर : आईला दोष देऊ नये, हे प्रथम. कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, नवराबायकोचा मिळून असतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि वयस्कर आजीला ताठ शरीराचे पाच वर्षांचे मूल उचलणे, धुणे, भरवणे झेपेलच असे नाही. जी मुले शाळेत जातात त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय काही ठिकाणी होते, परंतु प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या मुलाला तेथे सांभाळणारे कोणी असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून मूल जाणारच, असे धरून आखणी करावी, आणि ती दसऱ्याच्या गडबडीत न करता श्रावणापासूनच सुरू करावी.

पाय का आखडतात, हे आईला समजेल अशा शब्दांत सांगा. हाडे वाढत असतात, पण ताठ राहणारा स्नायू त्या प्रमाणात लांब होत नाही. दिवसभर मूल एकाच अवस्थेत पडून राहिले तर पोटरी, मांडीची मागची बाजू आणि जांघ येथील स्नायू आखूड होत जातात. सकाळी पंधरा मिनिटे पाय ओढून हे थांबत नाही, आणि जोराने ओढल्यास इजा होते, मूलही हाताला घाबरू लागते. दिवसाचे उरलेले तास मूल कोणत्या स्थितीत असते, यावर बरेच काही ठरते. त्यामुळे फडावर व्यायामांची यादी पाठवण्यात अर्थ नाही. पहाटे अंधारात उठून तोडणीला जाणारी आई ती यादी कधी उघडणार? जी कामे ती तशीही करणारच आहे, त्यांतच थेरपी बसवली पाहिजे.

उचलणे हे त्यातले पहिले काम. पाठीवर ताठ पडलेल्या मुलाला दोन्ही हातांनी ओढून उठवू नये. आधी त्याला कुशीवर वळवावे, कंबर आणि गुडघे दुमडावेत, मग उचलावे. दुमडल्यावर ताठरपणा पुष्कळ सैल होतो. कडेवर घेताना त्याचे दोन्ही पाय आईच्या कमरेच्या दोन बाजूंना येतील असे घ्यावे. यात मांड्या आपोआप फाकल्या जातात, आणि मूल समोरचे जगही पाहते. आपल्याकडे लेकरू कडेवर घेण्याची जी रीत आहे, ती या मुलांसाठी कोणत्याही महागड्या साधनाइतकी उपयोगी आहे. दुसरे काम म्हणजे पडून राहण्याची सोय. वाकळेची घट्ट गुंडाळी करून ती छातीखाली द्यावी आणि काही वेळ मुलाला पोटावर ठेवावे, पुढे खेळायला काहीतरी द्यावे. त्या वेळी कोणी तरी जवळ असलेच पाहिजे. काही वेळ कुशीवर, दोन मांड्यांमध्ये दुमडलेले कापड देऊन. एकाच स्थितीत फार वेळ ठेवू नये; अर्ध्या तासाने बदलता आले तर उत्तम. तिसरे बसणे. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट एका बाजूने कापून, कडा कापडाने मढवून, मध्ये दोन मांड्यांना अलग ठेवणारी उशी बांधली तर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ठेवण्याजोगी बैठक तयार होते. मात्र तिचे माप तज्ज्ञांकडून निश्चित करून घ्यावे. कंबर आणि गुडघे काटकोनात असावेत, पावले टेकलेली असावीत.

मूल कोपीत दिवसभर कोणाजवळ असते, हेही विचारा. पुष्कळदा मोठी बहीणच सांभाळते. तसे असेल तर जाण्यापूर्वीची शिकवण तिलाही द्या, परंतु सांभाळण्यासाठी तिची शाळा सुटत असेल तर ती गोष्ट शाळेच्या कानावर घालणे हेही आपले कर्तव्य आहे.

पायाचे ब्रेस दिलेले असतील तर जाण्यापूर्वी त्यांचे माप पुन्हा पाहून घ्यावे, कारण पाच-सहा महिन्यांत मूल वाढते. ब्रेस काढल्यावर कातडीवर लाली दिसली आणि ती अर्ध्या तासातही गेली नाही, तर ब्रेस घालणे थांबवून फोन करावा, हे आईला पक्के सांगा. कपडे बदलताना एक मांडी फाकवली की मूल रडते, एक पाय आखूड दिसतो, असे आढळल्यास खुब्याचा सांधा सरकत असण्याची शक्यता असते. तेव्हा हंगाम संपण्याची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढावा लागतो. निदान, औषधे आणि घरचा कार्यक्रम एका पानावर लिहून तो कागद आणि दिव्यांगत्वाचे ओळखपत्र सोबत द्या. ‘यूडीआयडी’ नावाने ओळखले जाणारे हे ओळखपत्र देशभर ग्राह्य असल्याने साताऱ्यातच काय, सीमेपलीकडे बेळगावातही चालते. आईच्या फोनबरोबर मुकादमाचा आणि टोळीतील आणखी एकाचा नंबर घेऊन ठेवा. आठवड्यातून एकदा मुलाच्या बसण्याचा आणि उचलण्याचा छोटा व्हिडिओ मागवता आला, तर चूक वेळेवर दिसते. एवढे करूनही पाय थोडे आखडलेले परत येतील. तेवढ्याने आपले काम वाया गेले असे समजू नका, कारण न केल्यास कदाचित शस्त्रक्रियेची वेळ आली असती.

प्रश्न : निलंगा तालुक्यातील एका घरी मी जाते. तीन वर्षांच्या मुलीला मान धरता येत नाही. आजी तिला मांडीवर आडवी घेऊन, मान मागे टाकून पातळ वरण-भाकरी भरवते. मुलीला सारखा ठसका लागतो आणि हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. आजी म्हणतात, ‘आम्ही सगळी लेकरं अशीच वाढवली.’

उत्तर : आजींचे म्हणणे त्यांच्या अनुभवापुरते खरे आहे. ज्या मुलांना गिळता येते ती मुले आडवे भरवले तरी निभावून नेतात. या मुलीला ते जमत नाही. मान मागे गेली की श्वासाचा मार्ग उघडा पडतो आणि घास किंवा पाणी फुप्फुसाकडे जाऊ शकते. वारंवार ठसका, जेवताना डोळ्यांत पाणी, जेवणानंतर घरघरणारा ओला आवाज, पुन्हा पुन्हा ताप आणि प्रत्येक जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत. यांपैकी काही आपण स्वतः पाहिली असतील तर ती लिहून काढा आणि मुलीला बालरोगतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवण्याचा आग्रह धरा. गिळण्याची तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञ करतात, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडूनही असा मार्ग मिळू शकतो.

तोपर्यंत मुलीला उभट बसवून, कंबर दुमडून, मान सरळ आणि हनुवटी किंचित खाली ठेवून भरवावे. चमचा उथळ असावा, तो समोरून आणि खालून तोंडाशी न्यावा, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पातळ वरणात भाकरीचे तुकडे हा या मुलांसाठी अवघड घास आहे, कारण तोंडात पाणी पुढे धावते आणि तुकडा मागे राहतो. ज्वारीची भाकरी वरणात भिजवून, चांगली कुस्करून, गाठ राहणार नाही असा एकसारखा घट्टसर काला करावा. जेवणानंतर अर्धा तास तिला आडवी करू नये. आजींना पटवण्यासाठी वाद घालू नका. त्यांना मान मागे टाकून नुसती थुंकी गिळायला सांगा, आणि मग मान सरळ करून पुन्हा गिळायला सांगा. त्यानंतर त्या स्वतःच मुलीची मान धरतील असे मला वाटते.

प्रश्न : नांदेडजवळच्या एका शाळेत दुसरीतील स्वमग्न मुलाबरोबर मी दिवसभर बसते. परिपाठ सुरू झाला की तो स्वतःचे मनगट चावतो आणि मग त्याला बाहेर न्यावे लागते. मुख्याध्यापक म्हणतात, त्याला परिपाठ झाल्यावरच आणत जा. पालकांचेही हेच मत आहे. माझे मन मात्र तयार नाही.

उत्तर : आपले मन तयार नाही हे योग्यच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार समावेशक शिक्षण हा त्या मुलाचा हक्क आहे आणि रोज उशिरा आणणे ही त्याची हळूहळू होणारी हकालपट्टी ठरेल. तथापि हक्काचा मुद्दा मांडण्यापूर्वी चावण्याचे कारण शोधले पाहिजे.

आठवडाभर एक साधी नोंद ठेवा : चावण्यापूर्वी नेमके काय घडले, त्याने काय केले, आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. त्यात अभिप्राय लिहू नका. ‘हट्ट केला’ हा अभिप्राय झाला. ‘ध्वनिक्षेपक सुरू झाला, त्याने कान झाकले, मग मनगट चावले, मी त्याला व्हरांड्यात नेले’ ही नोंद झाली. या नोंदीतून पुष्कळदा दोन गोष्टी दिसतात. कर्कश आवाज त्याला सहन होत नसावा, आणि चावल्यानंतर सुटका होते हे त्याला कळून चुकले असावे. दोन्ही खरे असल्यास केवळ बाहेर नेणे आपल्याच हातून चावण्याला खतपाणी घालते, आणि बळजबरीने थांबवून धरणे क्रूर ठरते. मधला मार्ग असा की त्याला आधी, चावण्यापूर्वी, ‘बाहेर जायचे’ हे सांगण्याची सोय द्यावी. दाराचे चित्र असलेले कार्ड त्याच्या गळ्यात किंवा खिशात असू द्या. त्याने ते दाखवले की लगेच बाहेर न्या. आरंभी कार्ड दाखवायला आपणच त्याचा हात पुढे करावा लागेल. त्याच वेळी त्याला ध्वनिक्षेपकापासून दूर, रांगेच्या शेवटी उभे करा, गरज पडल्यास कानांवर आवाज कमी करणारी साधने द्या, आणि परिपाठात काय काय होणार याची चित्रपट्टी आधी दाखवा. प्रथम फक्त प्रतिज्ञेपुरता थांबला तरी चालेल. दुखरा दात, कान किंवा बद्धकोष्ठता ही कारणेही तपासायला पालकांना सांगा. ज्या मुलाला दुखते हे सांगता येत नाही, ते असेच काहीतरी करते. वर्तनाचा लेखी कार्यक्रम मात्र मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक यांनी आखावा. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक गटसाधन केंद्रामार्फत मिळतात. मुख्याध्यापकांनी त्यांना पत्र लिहावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. आपण त्याच्या आणि वर्गाच्या मध्ये बसत असाल तर जागा बदला. बाईंचा प्रश्न त्याच्यापर्यंत थेट पोचू द्या, शेजारच्या मुलाला त्याच्याकडे रबर मागू द्या. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा वेळ गप्प राहणे सहायकाला सर्वांत कठीण जाते.

प्रश्न : जालन्यातील आमच्या केंद्रात एका मुलाला फिटचा झटका आला, तेव्हा कोणी कांदा हुंगवला, कोणी दातांत चमचा घातला. खरे काय करायचे असते?

उत्तर : कांदा, चप्पल, चमचा यांपैकी काहीही नाही. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड द्या, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ पाहा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात बोट, चमचा किंवा पाणी घालू नका. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला किंवा श्वासाला त्रास दिसला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. झटका किती वेळ होता, कोणत्या अंगाने सुरू झाला आणि नंतर मूल किती वेळ झोपले, हे डॉक्टरांना हवे असते. ज्यांना झटके येतात त्या मुलांची नावे आणि औषधे केंद्राच्या भिंतीवर न लावता कपाटातील फाइलमध्ये, पण सर्व सहायकांना ठाऊक असतील अशी ठेवा.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील विशेष शाळेत काम करणारा पुरुष सहायक आहे. मुलामुलींना शौचालयात नेणे, कपडे बदलणे ही कामे माझ्याकडे येतात. काही पालक संशयाने पाहतात. मी काय काळजी घ्यावी?

उत्तर : पालकांचा संशय मनाला लागला असेल, परंतु बोलून सांगता न येणारी मुले अत्याचाराला सहज बळी पडतात, हे ध्यानात घेता त्यांची सावधगिरी योग्य आहे. मुलींची वैयक्तिक स्वच्छता महिला सहायकानेच करावी, असा लेखी नियम शाळेने केला पाहिजे; तो नसेल तर आपण स्वतः लेखी मागणी करा. मुलग्यांच्या बाबतीतही दुसरी प्रौढ व्यक्ती हाकेच्या अंतरावर असावी, दाराला आतून कडी नसावी, आणि नेल्याची वेळ व कोणी नेले हे वहीत लिहिले जावे. कपड्याला हात लावण्यापूर्वी मुलाला सांगा आणि जे त्याला स्वतः करता येते ते त्याला करू द्या. नाडी सोडणे शिकायला वर्ष लागले तरी ते वर्ष द्यावे. आंघोळीचे, कपडे बदलतानाचे किंवा रडतानाचे छायाचित्र कोणत्याही कारणाने काढू नये, आणि प्रगतीचा व्हिडिओसुद्धा पालकांच्या लेखी परवानगीशिवाय केंद्राच्या गटावर किंवा स्वतःच्या स्टेटसवर टाकू नये. एखाद्या मुलाच्या अंगावर न समजणाऱ्या खुणा दिसल्या किंवा ते विशिष्ट व्यक्तीला पाहून आक्रसू लागले, तर ते तारीखवार लिहून ठेवा. लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची भीती वाटली, तर ‘पॉक्सो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 2012 च्या कायद्याने माहिती देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनी थांबायला सांगितले तरी पोलिसांकडे किंवा 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर ती माहिती आपणच द्यायची आहे.